खंडाची उपपत्ति आणि खारीचा बांध

अर्थशास्त्राच्या पदवीपरीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याला एका प्रश्नाची कधींच फार वाट पाहावी लागत नाहीं. 'रिकार्डोची खंडाची उपपत्ति विशद करा' हा तो प्रश्न. आम्ही विद्यार्थी होतों तेव्हां तो होता, आम्ही शिकवूं लागलों तेव्हां होता, आणि पत्रिकांचीं नांवें, त्यांची संख्या व गुणांची वांटणी कितीहि वेळां बदलली तरी तो अद्याप आपली जागा धरून आहे. त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें. जमिनीच्या तीन-चार प्रती कल्पावयाच्या. उत्तम जमीन आधीं लागवडीस येते. लोकसंख्या वाढली म्हणजे हलकी जमीन नांगराखालीं येते. हलक्या जमिनीवर उत्पादनखर्च जेमतेम भरून निघतो. म्हणून चांगल्या जमिनीवर जो वाढावा उरतो तोच खंड. एक पायऱ्यांची आकृति काढावी, टीकेचे चार मुद्दे लिहावे, कीं उत्तर पुरें झालें.

कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरील विद्यार्थ्याला मात्र हा शब्द पुस्तकांत प्रथम भेटत नाहीं. त्याच्या घरांत खंड म्हणजे पणजोबानें खळ्यावर मोजून मालकाच्या कोठारांत पोंचविलेलें भात. त्या खंडाशीं हलक्या-भारी जमिनीच्या पायऱ्यांचा संबंध थोडा, आणि कर्जाचा, वेठीचा व पुढील सालीं जमीन हातीं राहील कीं नाहीं या धास्तीचा संबंध फार. एकच शब्द, परंतु वर्गांत त्याचा अर्थ एक आणि घरीं दुसरा. असें कां झालें याचा शोध घेऊं लागलें कीं आपल्याकडील अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा बराचसा इतिहास हातीं लागतो. आणि तो शोध कुलाब्याच्या किनाऱ्यावर उभें राहून घेतला तर अधिक स्पष्ट दिसतो असें आम्हांस वाटतें.

ही उपपत्ति आपल्याकडे विद्यापीठानें आणली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः विद्यापीठ निघण्यापूर्वीं जवळजवळ तीस वर्षें ती सरकारी दप्तरांतून आली. ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या मुलकी नोकरांच्या शिक्षणासाठीं इंग्लंडांत जें विद्यालय काढलें व जें पुढें हेलिबरी येथें स्थिरावलें, तेथें १८०५ सालीं माल्थस याची इतिहास व अर्थशास्त्र या विषयांचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८३४ सालीं मरण येईपर्यंत तो तेथेंच शिकवीत होता. खंडाच्या उपपत्तीच्या जनकांत रिकार्डोबरोबर माल्थसचीहि गणना होते. त्याच्या हाताखालीं शिकून आलेला प्रिंगल नांवाचा एक तरुण अधिकारी १८२८ च्या सुमारास पुणें प्रांताच्या जमाबंदीवर नेमला गेला. गुरूनें शिकविलें तें त्यानें जमिनीवर उतरविण्याचें योजिलें. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें एकंदर उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा सर्व खर्च वजा करावा, आणि जी निव्वळ शिल्लक राहील तिचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर यापरता न्याय्य सारा दुसरा नव्हता. परंतु शेतकऱ्याच्या खर्चाचा खरा आंकडा कोणाच्याच हातीं नव्हता. जो दप्तरांत चढला तो कारकुनांच्या मार्फत आलेला. परिणामीं आकार अवाच्या सवा बसला, जमिनी पडीत पडूं लागल्या, आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून सगळें काम पुनः हातीं घ्यावें लागलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीची प्रत पाहून आणेवारीनें वर्ग पाडले व दर व्यवहारबुद्धीनें ठरविले.

अर्थशास्त्राच्या एका अभ्यासक्रमानें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या घरांत पाऊल टाकल्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो एकाहि पदवीपरीक्षेंत विचारला जात असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, माल्थसच्या मागून १८३५ सालीं हेलिबरीस त्याच्या जागीं आला तो रिचर्ड जोन्स हा या उपपत्तीचा कडवा टीकाकार होता. १८३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें होतें कीं, रिकार्डोचा खंड हा इंग्लंडांतील भांडवलवाल्या शेतकऱ्याचा खंड आहे; जगाच्या पाठीवरील बहुतेक शेतकरी जो खंड देतात तो पोटासाठीं, दुसरा धंदा नाहीं म्हणून, व रूढीच्या दडपणाखालीं देतात, आणि त्याचे प्रकार निरनिराळे आहेत. त्यांत हिंदुस्थानच्या रयतेचा त्यानें निराळा प्रकार केला होता. तेव्हां परकीय शास्त्रास आपली स्थिति ठाऊक नव्हती ही जी तक्रार आपण नेहमीं ऐकतों, ती या ठिकाणीं टिकत नाहीं. शास्त्रांत दोन्ही मतें होतीं. अभ्यासक्रम करणारांनीं एक उचललें व दुसरें ठेवून दिलें. अभ्यासक्रम म्हणजे शास्त्र नव्हे, शास्त्रांतून केलेली निवड होय, आणि निवड करणारा कोठें बसला आहे यावर ती निवड पुष्कळ अवलंबून असते.

मराठींत हें शास्त्र विद्यापीठाच्या आधींच आलें होतें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. लोकहितवादींचें 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चें. हरि केशवजी व विश्वनाथ नारायण मंडलिक यांचें 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ चें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ ची. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ रोजीं. म्हणजे पहिला पदवीधर होण्यापूर्वींच मराठी वाचकाच्या हातीं या विषयाचीं निदान तीन पुस्तकें होतीं. नांवेंहि पाहण्यासारखीं आहेत. लक्ष्मीचें ज्ञान, देशाच्या व्यवहाराची व्यवस्था, अर्थाचें शास्त्र: एका विषयाला काय म्हणावें हेंच अजून ठरावयाचें होतें, आणि ज्या त्या लेखकानें त्याचा जो गाभा मानला तो नांवांत घातला. पुढें विद्यापीठाची भाषा इंग्रजी झाल्यावर हा व्यवसाय मागें पडला, आणि मराठींतून अर्थशास्त्र पदवीपर्यंत शिकवावयाचें म्हणतांच शंभर वर्षांनीं परिभाषेची पुनः पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागली.

कुलाब्याचा स्वतःचा अर्थचिंतकहि याच काळांतला. माणगांवाकडील शिरवली गांवीं १८२५ सालीं जन्मलेले विष्णुबावा ब्रह्मचारी हे कांहीं काळ जकात खात्यांत नोकरी करून पुढें विरक्त झाले. धर्मविषयक वादविवादांसाठीं त्यांचें नांव झालें; परंतु १८६७ सालीं त्यांनीं 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला तो सर्वस्वीं अर्थशास्त्राचा आहे. सर्व प्रजा एक कुटुंब मानावें, जमीन सर्वांची समजून सर्वांनीं कसावी, धान्य गांवच्या कोठारांत ठेवावें व ज्याला जितकें लागेल तितकें त्यानें न्यावें, असा त्यांचा विचार. याच १८६७ सालीं जर्मनींत मार्क्सच्या 'भांडवला'चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचा संभव नाहीं. दोघांची तुलना करण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्हांला तो होत नाहीं, कारण एकाचें तें शास्त्र आहे व दुसऱ्याचें तें स्वप्न आहे. परंतु त्या स्वप्नांत प्रथम काय नाहींसें होतें तें पाहावें. खळ्यावर उभा राहून अर्धें माप उचलणारा मनुष्य प्रथम नाहींसा होतो. माणगांवाकडच्या माणसाला अर्थशास्त्र सुचावयाचें तर तें येथूनच सुचावयाचें.

विद्यापीठांत हा विषय बराच काळ इतिहासाच्या जोडीनें शिकविला गेला. पाठ्यग्रंथ मिल्लचा, किंवा मिल्ल जड जाईल त्यांच्यासाठीं फॉसेटचा. विद्यार्थी बुद्धिमान होते व ग्रंथ मोठ्या योग्यतेचे होते. परंतु शिकणें म्हणजे नियम पाठ करणें आणि ते सर्व देशांना सारखे लागू आहेत असें मानणें, ही वृत्ति बळावली. तिच्यावर पहिला मोठा घाव घातला न्यायमूर्ति रानड्यांनीं. १८९२ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्याचा रोंख असा होता कीं, या शास्त्राचे सिद्धान्त ज्या गृहीत गोष्टींवर उभे आहेत त्या आपल्या देशांत बहुधा आढळत नाहींत. येथें मनुष्य करारापेक्षां जातिकुळानें बांधलेला, भांडवल व मजूर जागचे न हलणारे, आणि खंड-मजुरी स्पर्धेपेक्षां रूढीनें ठरणारी. जर्मनीचा लिस्ट वगैरे मंडळींचे दाखले त्यांनीं दिले. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, हें बोलणारा मनुष्य महाविद्यालयाचा अध्यापक नव्हता, शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कज्जांत मुरलेला न्यायाधीश होता. संपत्तीच्या निर्गमाचा हिशेब मांडणारे दादाभाई हे गणिताचे प्राध्यापक होते. पदवीचा अभ्यासक्रम ज्या प्रश्नांपाशीं थांबत असे, तेथून पुढें पाहणारे लोक बहुधा बाहेरूनच आले.

आतां किनाऱ्याकडे वळूं. रानडे रूढीविषयीं सामान्यपणें बोलत होते; कुलाब्यांत त्या रूढीचा कायदेशीर गुंता केवढा होता तें पाहिल्यावांचून पुढील गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं. दक्षिणेस महाड-माणगांवाकडे खोती. खोत हा मुळांत गांवचा वसूल सरकारांत भरणारा मध्यस्थ. सरकाराला द्यावयाची रक्कम ठरलेली आणि कुळाकडून घ्यावयाची बहुतांशीं त्याच्या शक्तीवर. उत्तरेस अलिबाग-पेणकडे खोतांबरोबर सावकार जमीनदारांचेंहि प्राबल्य. आणि समुद्राच्या कडेनें या सगळ्यांहून निराळी अशी खारीची जमीन.

खार म्हणजे भरतीच्या पाण्याखालीं जाणारी चिखलाची खाजण बांध घालून भातशेतीस आणलेली. बाहेरचा बांध मातीचा, दगडानें आवळलेला. त्यांत ठिकठिकाणीं उघाड्या. ओहोटी लागली कीं आंतलें पावसाचें पाणी उघाडीवाटे बाहेर जावें आणि भरती आली कीं झडप आपोआप मिटावी, अशी ती योजना. बांधाला पडलेल्या भगदाडाला 'खांड' म्हणतात. एका रात्रींत एक खांड पडली तर ज्याच्या शेताजवळ ती पडली त्याचेंच नव्हे तर साऱ्या खारीचें पीक जातें, आणि मातींतलें मीठ धुऊन निघण्यास पुढें दोन-तीन पावसाळे जावे लागतात. अशा जमिनींत सुपीकपणा हा निसर्गाचा नसतो. तो बांधाचा असतो. रिकार्डोनें खंड ज्या गुणांसाठीं मानला ते जमिनीचे 'मूळचे व अविनाशी' गुण खारींत शोधूं गेल्यास हातीं मीठच लागावयाचें.

मग बांध कोणीं राखावयाचा? याचीं उत्तरें या किनाऱ्यानें दोन काढलीं होतीं. एक शिलोत्रीचें. ज्यानें बाहेरचा बांध घातला तो शिलोत्रीदार. खारींतील प्रत्येक बिघ्यामागें त्याला धान्याचा एक ठराविक हक्क मिळावयाचा, त्यास शिलोत्री मण म्हणत. आणि त्याच्या मोबदल्यांत बांध शाबूत ठेवणें ही त्याची जोखीम. दुसरें उत्तर जोळीचें. खारींतल्या सर्व शेतकऱ्यांनीं मिळून बांधावर राबावयाचें, खांड पडली तर हांक येईल त्या वेळीं माती घेऊन धांवावयाचें. ज्या शेतकऱ्याचें शेत बांधापासून दूर व उंचावर आहे त्यानें अंग चोरलें तर काय करावें, हा प्रश्न जोळीस पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सार्वजनिक वस्तूंचें प्रकरण सॅम्युअल्सनच्या १९५४ मधील लेखापासून रूढ झालें. समाईक साधनांची व्यवस्था लोक आपण होऊन कशी करतात याचा विचार एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० च्या ग्रंथांत केला व तिला २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या ग्रंथांत स्पेनमधील वालेन्सियाचे पाट आहेत, स्वित्झर्लंडांतील डोंगरांवरील कुरणें आहेत, फिलिपाइन्समधील बंधारे आहेत. आमचे विद्यार्थी हीं तिन्ही उदाहरणें परीक्षेंत बिनचूक लिहितात. जोळ हा शब्द लिहिलेला एकहि उत्तरपत्रिकेंत आम्हांस अद्याप आढळला नाहीं, आणि त्यांतले निम्मे विद्यार्थी खारीच्या कांठीं राहणारे असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अभ्यासक्रमाचें रूप पालटूं लागलें होतें. मार्शलनें केंब्रिज येथें १९०३ सालीं अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू करविली. मुंबईंत १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें. विद्यापीठाचा समाजशास्त्राचा विभाग १९१९ त व अर्थशास्त्राचें अध्यापन १९२१ त सुरू होऊन खुशाल तलकशी शहा व चंदुलाल वकील यांच्यासारखे अध्यापक तेथें आले. फर्ग्युसन कॉलेजांत वामन गोविंद काळे यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर पाठ्यग्रंथ लिहिला. पुढें जठार व बेरी यांच्या दोन भागांच्या ग्रंथावर पिढ्याच्या पिढ्या पोसल्या. पुण्यास १९३० सालीं गोखले संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगिळांनीं गांवोगांव माणसें पाठवून पाहणीची शिस्त घालून दिली. हें सर्व काम मोलाचें आहे, यांत वाद नाहीं. परंतु पदवीच्या अभ्यासक्रमांत त्याचा परिणाम एक चमत्कारिक झाला. 'तत्त्वें' ही एक पत्रिका झाली आणि 'हिंदी अर्थव्यवहार' ही दुसरी. पहिलींत रिकार्डो, मार्शल व आकृति. दुसरींत पाऊस, पिकें, सहकारी पतपेढ्या व आंकडे. एक पत्रिका विचार करावयास शिकवी व दुसरी पाठ करावयास, आणि दोहोंची गांठ विद्यार्थ्याच्या डोक्यांत पडावी अशी योजना कोठेंच नव्हती. रानड्यांनीं जें एक शास्त्र मागितलें होतें, त्याचीं दोन पुस्तकें करून त्यांची मागणी मान्य झाली असें मानण्यांत आलें. आमच्या मतें या दुभंगाइतकें नुकसान परक्या पाठ्यग्रंथांनींहि केलें नाहीं.

ज्यांच्या डोक्यांत ती गांठ पडली असे थोडे. त्यांत अग्रगण्य डॉ. आंबेडकर. एल्फिन्स्टन कॉलेजांतून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. कोलंबिया विद्यापीठांत सेलिग्मन व लंडन येथें कॅनन यांच्या हाताखालीं शिकले. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅममध्यें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या चलनविषयक ग्रंथाची चर्चा पुष्कळ होते. येथें आम्हांस त्यांच्या १९१८ च्या एका निबंधाची आठवण करावीशी वाटते. शेतीचे लहान तुकडे हा त्याचा विषय. तुकडे लहान म्हणून शेती तोट्याची असें सगळे म्हणत असतां त्यांनीं विचारलें कीं, लहान कशाच्या मानानें? नांगर, बैल, भांडवल व राबणारे हात यांच्या प्रमाणावांचून शेताच्या आकाराला अर्थच नाहीं. हात जास्त व भांडवल कमी हें खरें दुखणें आहे, आणि त्याचा उपाय शेताबाहेर, उद्योगधंद्यांत आहे. पाठ्यग्रंथांतील एक साधें तत्त्व देशी प्रश्नाला लावून त्यांनीं प्रश्नच बदलून टाकला. महाडास १९२७ सालीं जो सत्याग्रह झाला तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच मुलुखांतल्या खोतीवर त्यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक आणलें, आणि १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतले हजारो शेतकरी त्याच मागणीसाठीं मुंबईंत कौन्सिलावर चालून गेले, हें त्या मानानें कमी सांगितलें जातें. खोती कायद्यानें नष्ट झाली ती १९४९ च्या कायद्यानें.

उत्तरेकडे अलिबाग तालुक्यांत याच्या आधींच ठिणगी पडली होती. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं ठरविलें कीं, मालकांच्या जमिनी कसावयाच्याच नाहींत. चरीसह पंचवीस गांवें या संपांत होतीं आणि तो १९३९ पर्यंत चालला. गिरणींतला मजूर संप करतो तेव्हां निदान घरचें शेत असतें असें म्हणतात. येथें शेतकऱ्यानेंच शेत टाकलें. लाकूडफांटा विकून, मोलमजुरी करून लोकांनीं सहा वर्षें काढलीं. डॉ. आंबेडकर १९३४ सालीं तेथें येऊन गेले. 'कृषीवल' पत्र १९३७ त याच चळवळींतून निघालें.

आतां वर्गांतल्या विद्यार्थ्यानें चरीकडे कसें पाहावें? उदाहरणादाखल धरूं कीं, एका कुळाच्या शेतांत वीस मण भात झालें. अर्धेलीच्या करारानें दहा मण मालकाचें. उरलेल्या दहांतून बियाणें, बैलाचें भाडें, आणि पावसाळ्यांत पोटासाठीं उचललेली खावटी वाढीदिढीसह परत. कुळानें आणखी पंधरा दिवस राबून एक मण अधिक पिकविलें तर अर्धा मण त्याच्या घरीं यावयाचा; मग त्या पंधरा दिवसांची किंमत अर्ध्या मणाहून जास्त असेल तर तो राबणार नाहीं. हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. अर्धेलीनें कसणारा मनुष्य, ज्या श्रमाचें फळ त्याच्या मोलाच्या दुप्पट नाहीं तो श्रम घालणार नाहीं, हा विचार मार्शलच्या ग्रंथांत आहे; पुढें त्यानें हेंहि सांगितलें आहे कीं, कुळाला वाटेल तेव्हां काढून लावण्याची सत्ता मालकाच्या हातीं असेल तर तो धाकानें तेवढे श्रम करवूं शकतो. कुळाचा हक्क दर सालचा, म्हणून खंड जबर. ही कडी मार्शलमध्यें पुरी आहे. त्यानें ती फ्रान्स व इटलीच्या निमित्तानें लिहिली, एवढेंच. आणि चरीच्या कुळांनीं नेमका तो धाकच निकामी केला: एक कूळ काढलें तर दुसरें मिळतें, पंचवीस गांवांनीं एकदम सोडलें तर मिळत नाहीं. १९३९ च्या कुळकायद्यानें 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आणली व १ जानेवारी १९३८ पूर्वीं सलग सहा वर्षें जमीन कसणाऱ्यास ती लागू केली. म्हणजे कायद्यानें प्रथम हात घातला तो खंडाच्या आंकड्यास नव्हे, तर हक्काच्या मुदतीस. मार्शल वाचलेल्या कोणाहि विद्यार्थ्याला याचें मर्म सांगतां आलें असतें. त्या वर्षांत अलिबागचे विद्यार्थी मुंबईंत मार्शल वाचीतच होते.

मिठाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. मागणी ताठर असलेल्या वस्तूचें उदाहरण म्हणून प्रत्येक क्रमिक पुस्तकांत मीठ असतें. उरण-पेणच्या मिठागरांजवळ राहणाऱ्याला त्याचा अर्थ असा होता कीं, दाराशीं पिकणाऱ्या मिठावर १८८८ पासून १९०३ पर्यंत मणीं अडीच रुपये कर होता. फर्ग्युसनमध्यें अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गोखले वरिष्ठ कायदेमंडळांत या करावर तुटून पडले तें याच ताठरपणाच्या जोरावर: गरीब मनुष्य मीठ कमी खाऊं शकत नाहीं, म्हणून कराचा बोजा त्याच्यावरच बसतो. कर उतरत १९०७ त रुपयावर आला, पुढें पुनः चढला, १९२३ सालीं कायदेमंडळाचा विरोध मोडून एक वर्ष अडीच रुपयांवर गेला, आणि १९४७ त उठला. हें एक उदाहरण असें आहे कीं जेथें वर्गांतलें तत्त्व व बाहेरची गोष्ट यांची गांठ पडली. पण ती घालून देणाऱ्याला त्यासाठीं वर्ग सोडावा लागला.

या जिल्ह्यानें देशास दिलेल्या अर्थतज्ज्ञांत चिंतामणराव देशमुखांचें नांव पहिलें. रायगडच्या पायथ्याजवळील नाते गांवीं १८९६ सालीं त्यांचा जन्म. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ च्या ब्रेटन वुड्‌स परिषदेंतले प्रतिनिधि, १९५० ते १९५६ अर्थमंत्री. त्यांनीं केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र घेऊन पदवी मिळविली होती. अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीं हें फार मोठ्यानें सांगूं नये. पण लपवूंहि नये.

स्वातंत्र्यानंतर अभ्यासक्रम अधिक पक्का व अधिक सुटसुटीत झाला. केन्सचें स्थूल अर्थशास्त्र आलें, सॅम्युअल्सनचें १९४८ चें पाठ्यपुस्तक आलें, नियोजन आलें, सांख्यिकी आली. १९६० नंतर जिल्ह्यांत महाविद्यालयें निघालीं, मराठींतून पदवीपर्यंत शिकतां येऊं लागलें, आणि कुळांच्या नातवंडांना बी. ए. होण्यास मुंबईचा धक्का गांठण्याचें कारण उरलें नाहीं. ही केवढी क्रांति आहे हें, जे त्या पहिल्या पिढीला शिकवीत होते त्यांनाच ठाऊक. तिच्यापुढें अभ्यासक्रमाचे दोष लहान वाटावे, हें साहजिकच आहे. तरी दोष होतेच. कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक ठरला. परंतु जमीन कुळाची झाली तेव्हां बांध कोणाचा झाला? खारभूमीचा कायदा १९४८ त झाला होता, दुसरा १९७९ त झाला. बांधाचें काम बऱ्याच अंशीं सरकारी खात्याकडे गेलें, जोळ मोडत गेली, आणि खांडी पडतच राहिल्या. जमिनीची मालकी व बांधाची जोखीम या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानें सांगावयाचें होतें. त्याला त्या वर्षीं तटस्थता-वक्र शिकविले जात होते. ते शिकवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनीं २००० सालीं व मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनीं त्यानंतर बारा-चौदा वर्षांनीं आपल्या अभ्यासक्रमाविरुद्ध जी तक्रार केली, तीहि आकृतींविरुद्ध नव्हती, आकृतींपलीकडे कांहीं दाखविलें जात नाहीं याविरुद्ध होती.

आणि रिकार्डोवर आम्हीं इतकें लिहिलें असल्यामुळें त्याच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चरीच्या भातशेताला त्याची उपपत्ति लागू पडली नाहीं; न्हावाशेव्याला ती तंतोतंत लागू पडते. बंदर येणार म्हणतांच तेथील जमिनीची किंमत चढली, ती जमिनीवर कोणीं कांहीं केलें म्हणून नव्हे, तर ती जेथें आहे तेथें आहे म्हणून. असा न कमावलेला वाढावा कोणाचा, हा मिल्लचा प्रश्न. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. त्यांतून पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व निघालें. म्हणजे वाढाव्याचा वांटा पैशांत नव्हे, जमिनींतच. पेणकडे २१ सप्टेंबर २००८ रोजीं बावीस गांवांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयीं शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें तेव्हां बहुसंख्यांनीं नकार दिला. भाव चांगला असतांना माणसें कां विकत नाहींत, असें तेव्हां शहरांतले पुष्कळ सुशिक्षित आम्हांस विचारीत. खारीचा एक तुकडा विकला तर सबंध बांधाचें काय होतें, हें त्यांपैकीं कोणीं विचारलें नाहीं.

आमच्या वर्गांत एकदां आम्हीं खंडाची आकृति पुसून विद्यार्थ्यांना घरीं एकच गोष्ट विचारून येण्यास सांगितलें: तुमच्या घरांतून शेवटचा खंड कोणत्या सालीं व काय गेला? बहुतेकांच्या घरीं सांगणारें कोणी उरलें नव्हतें. एका मुलीच्या पणजीला सारें तोंडपाठ होतें. भात किती, हें तिनें शेवटीं सांगितलें. आधीं सांगितले ते पेंढ्याचे भारे, शिमग्याचा कोंबडा, आणि मालकाच्या घरच्या लग्नांत वाहिलेल्या पाण्याचे हंडे. मुलीनें तें सगळें वहींत उतरवून आणलें व यांतला 'आर्थिक खंड' कोणता व 'करार खंड' कोणता असें विचारलें. दोन तास त्या एका प्रश्नावर गेले, आणि त्या वर्षीं पुढील प्रकरण आम्हांला घाईनें उरकावें लागलें.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून आपल्याकडे पदवीचे जे नवे आराखडे झाले त्यांत क्षेत्रप्रकल्पास स्थान आहे व त्यास श्रेयांकहि आहेत. उघाड्या मोजाव्या, सात-बारा वाचावा, खांड कोणत्या सालीं पडली व ती कोणीं बुजविली याची गांवांत चौकशी करावी, असें काम त्यांत बसविण्यास कोणाची आडकाठी नाहीं. खंडाची उपपत्ति मात्र सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पत्रिकेंत आहे, आणि प्रकल्पाचे गुण निराळ्या रकान्यांत पडतात.